फळाचा गोडवा आणि गोडव्याची टिकवण : कोकणातील घरगुती फळपाकाचा इतिहास

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या अखेरीस कोकणातील घराघरांतून रातांबे फोडले जातात, साली वेगळ्या होतात आणि काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरण्या भरू लागतात. या बरण्यांतून तयार होणारा लालभडक पाक म्हणजे अमृत कोकम. तो आज कोकणी आतिथ्याचे प्रतीक मानला जातो आणि 'पारंपरिक' या विशेषणासह सर्वत्र विकला जातो. अलीकडे या विशेषणाच्या जोडीला 'नैसर्गिक गोडव्याचे', 'साखरविरहित', 'पूर्वीच्या पद्धतीने केलेले' अशी आणखी काही विशेषणे येऊन बसली आहेत. पूर्वी घरोघरी पांढऱ्या साखरेशिवाय टिकाऊ फळपाक तयार होत असे आणि साखरेच्या आगमनाने ही शुद्ध परंपरा बिघडली, असे एक गृहीत त्यांच्यामागे आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

या तपासणीसाठी एक भेद आरंभीच लक्षात घ्यावयास हवा. फळपाकात गोड पदार्थ दोन निरनिराळी कामे करतो. पहिले काम चवीचे. आंबट फळाचा रस पिण्याजोगा व्हावा म्हणून त्यात गोडी घातली जाते. दुसरे काम टिकवणुकीचे. पुरेशा प्रमाणात विरघळलेली साखर रसातील पाणी बांधून ठेवते आणि बुरशी व किण्व यांना ते पाणी मिळू देत नाही. पहिल्या कामासाठी मूठभर गूळ पुरतो. दुसऱ्या कामासाठी फळाच्या वजनापेक्षा अधिक साखर लागते. घरगुती फळपाकाचा इतिहास हा बहुतांशी या दोन कामांमधील अंतराचा इतिहास आहे. कोकणातील जुन्या घराने गोडी आणि टिकवण ही दोन्ही कामे वेगवेगळी ठेवली होती. फळ टिकवले जाई ते मिठाने व उन्हाने, आणि त्यात गोडी मिसळली जाई ती पिण्याच्या वेळी. ही दोन्ही कामे एकाच बाटलीत एकत्र आली ती स्वस्त पांढऱ्या साखरेमुळे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

प्राचीन साधनांतील पानक

फळांच्या रसापासून केलेल्या पेयाला संस्कृत व पाली वाङ्मयात 'पानक' किंवा 'पान' अशी संज्ञा आहे. पाली विनयपिटकातील महावग्गाच्या भैषज्यविषयक प्रकरणात भिक्षूंना आठ प्रकारची पाने घेण्यास अनुज्ञा दिलेली आहे. त्यांत आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष व फालसा यांच्या रसांचा समावेश होतो. येथे लक्षणीय बाब आहे ती काळमर्यादेची. फळांचे पान ज्या दिवशी स्वीकारले त्या दिवसापासून दुसऱ्या पहाटेपर्यंतच वापरता येते. याउलट तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित ही पाच औषधे सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येतात. हा नियम अर्थातच संघाच्या शिस्तीचा आहे, अन्नशास्त्राचा नव्हे. तरीही फळांचा रस एका रात्रीचा आणि मध व उसाची काकवी अनेक दिवसांची, ही विभागणी नित्याच्या अनुभवाशी जुळणारी आहे, हे नाकारता येत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणातील कोष्ठागाराध्यक्षाचे प्रकरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. राजाच्या कोठारात साठवावयाच्या वस्तूंचे तेथे वर्ग पाडलेले आहेत. फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा हे उसापासून होणारे पदार्थ एका वर्गात येतात. काकवीपासून स्फटिकरूप साखरेपर्यंतच्या चढत्या पायऱ्याच या नामावलीत दिसतात. आंबट फळांचा वर्ग त्याहून स्वतंत्र आहे. त्यात वृक्षाम्ल, करवंद, आंबा, आवळा, महाळुंग, बोर व फालसा यांची नावे आहेत. वृक्षाम्ल म्हणजे कोकम, असे आयुर्वेदाचे अनेक अभ्यासक मानतात. गोड पदार्थ आणि आंबट फळे दोन्ही साठवणीच्या वस्तू आहेत, परंतु त्या स्वतंत्र ठेवलेल्या आहेत. त्याच प्रकरणात उसाचा रस, गूळ, मध, फाणित, जांभळाचा रस व फणसाचा रस यांपैकी एखादा घेऊन तो काढ्यासह महिना, सहा महिने किंवा वर्षभर ठेवण्याची रीत सांगितली आहे. असा रस मुरून जे तयार होते त्याला 'शुक्त' म्हटले आहे. शुक्त म्हणजे आंबवण. गोड फळांचा रस दीर्घकाळ ठेवला तर तो गोड राहत नाही, आंबतो. प्राचीनांनी हे वास्तव स्वीकारले आणि त्याचाच उपयोग करून घेतला.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात आंबा, चिंच व लिंबू यांच्या पानकांच्या कृती येतात. फळांचा गर पाण्यात कोळून त्यात साखर घालावी, मिरी, लवंग, कापूर अशा द्रव्यांनी तो सुगंधित करावा, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ही तत्काळ पिण्याची पेये आहेत. मराठी घरातील पन्हे हे या पानकाचे थेट वंशज होय. शब्दाचा वंश तोच आणि रीतीचाही तोच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची वाटली डाळ आणि पन्हे देण्याची चाल आजही टिकून आहे. हे पन्हे कैरी उकडून, गर काढून, गूळ व वेलदोडा घालून केले जाते आणि त्याच दिवशी संपविले जाते. पन्ह्यातील गूळ चवीसाठी आहे, टिकवणुकीसाठी नाही.

सरबत, पाक आणि मोरंबा

'सरबत' हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचे मूळ 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूत आहे. त्याच धातूपासून झालेला शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून युरोपीय भाषांत गेला आणि पुढे 'सिरप' या रूपाने इंग्रजीतून मराठीत पुन्हा दाखल झाला. अशा रीतीने आज एकाच बाटलीवर छापले जाणारे 'सरबत' आणि 'सिरप' हे शब्द वस्तुतः एकाच कुळातील आहेत. पश्चिम आशियातील वैद्यकात फळांचा रस साखरेत किंवा मधात आटवून औषधी पाक करण्याची परंपरा होती. मुस्लिम राजवटींबरोबर ती भारतात दृढ झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्यातील मांडूच्या सुलतानासाठी सिद्ध झालेल्या 'निअमतनामा' या ग्रंथात इतर खाद्यपदार्थांबरोबर सरबतांच्याही कृती आढळतात.

मराठीतील 'मोरंबा' हा शब्दही अरबी 'मुरब्बा' या शब्दाशी जोडला जातो. लोकमनाने मात्र त्याचे नाते 'मुरणे' या क्रियापदाशी जुळविले आहे आणि अर्थाच्या दृष्टीने ते सार्थही आहे. आंब्याचा मोरंबा व आवळ्याचा मोरावळा यांत साखर खऱ्या अर्थाने टिकवणुकीचे काम करते. फळ साखरेच्या घट्ट पाकात मुरते व वर्षभर राहते. गोव्यातील ख्रिस्ती स्वयंपाकघरात पोर्तुगीज प्रभावाने रूढ झालेली पेरूची पेराड किंवा आंब्याची मांगाड हेही याच तत्त्वाचे पदार्थ होत. तेव्हा साखरेने फळ टिकविण्याचे ज्ञान जुन्या काळी नव्हते, असे म्हणता येणार नाही. ते ज्ञान होते. उणीव होती ती साखरेची, आणि म्हणूनच मोरावळा चमच्याने मोजून, पुष्कळदा औषध म्हणून दिला जात असे. पेलाभर पिण्याच्या पाकासाठी तशी उधळण करणे सामान्य घराला परवडणारे नव्हते.

मीठ आणि ऊन : कोकणाची जुनी वाट

कोकणाच्या किनाऱ्यावर ऊस कमी, मीठ मुबलक आणि वैशाखातील ऊन प्रखर. फळ टिकविण्याच्या येथील रीती या परिस्थितीतून घडल्या. रातांब्याची साल काढून ती फळाच्याच रसात बुडवावी, उन्हात वाळवावी, पुन्हा बुडवावी, पुन्हा वाळवावी, अशी रसाची पुटे देत आमसूल तयार होते. सालीचा व गराचा रस भरपूर मीठ घालून बरणीत ठेवला की तो आगळ होतो. आमसूल वर्षभर आमटीत, सारात व माशांच्या कालवणात पडते, तर आगळातून सोलकढी होते. बियांपासून कोकमतेल निघते आणि त्यालाच गोव्यात भिरंडेल म्हणतात. १८९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथातही कोकमाची दखल घेतलेली आहे. फळाचा कोणताही भाग वाया जात नाही आणि कोठेही साखर लागत नाही.

या रीतींच्या प्राचीनतेला एक महत्त्वाची लेखी साक्ष उपलब्ध आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या दहाव्या संवादात बोरांबरोबर 'ब्रिंदाँव' या फळाची चर्चा येते. हे फळ म्हणजेच कोकम. आतून लाल, चवीला आंबट अशा या फळाची साल वाळवून ठेवतात, ती समुद्रमार्गे नेतात व तिच्यापासून आंबट द्रव करतात, अशा आशयाची नोंद ओर्ता करतात. रंगकामातील त्याच्या उपयोगाचाही उल्लेख तेथे आहे. म्हणजे साडेचार शतकांपूर्वीही कोकम दूर जाई ते वाळलेल्या सालीच्या रूपात आणि त्याचा उपयोग होई तो आंबटपणासाठी.

गोड फळांच्या बाबतीतही कोकणाने अशीच वाट शोधली. पिकलेल्या आंब्याचा रस ताटांत पसरून उन्हात थरावर थर वाळविला की आंबापोळी होते. फणसाच्या रसाची फणसपोळी होते. या पदार्थांत बाहेरून साखर घालण्याची आवश्यकता नसते. रसातील पाणी उडून जाते व फळाची स्वतःची साखर इतकी घट्ट होते की तीच रक्षक ठरते. 'नैसर्गिक गोडव्याने टिकणारा घरगुती पदार्थ' या वर्णनाला कोकणात सर्वाधिक पात्र अशी वस्तू कोणती, असे विचारल्यास उत्तर पाक हे नसून पोळी हे आहे. फळाचा गोडवा टिकविण्यासाठी कोकणी गृहिणीने बाटली निवडली नाही, ताट आणि ऊन निवडले.

ही सारी कामे स्त्रियांच्या हातची होती व आहेत. पावसापूर्वीच्या मोजक्या आठवड्यांत रातांबे, आंबे, फणस, काजू हे सर्व एकदम येते. ढग दिसताच अंगणातील वाळवण आत घ्यावे लागते. पुट कधी पुरे झाले, पोळी कधी उलटावी, आगळात मीठ किती हवे, हे निर्णय मोजमापाविना, बोटांच्या व जिभेच्या अनुभवाने घेतले जातात. सासूकडून सुनेकडे जाणारे हे ज्ञान लेखी साधनांत क्वचितच उतरले. मराठी पाकशास्त्राची छापील परंपरा १८७५ च्या 'सूपशास्त्र' या पुस्तकापासून सुरू झालेली दिसते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झाले. परंतु छापील पुस्तकांचा वाचकवर्ग प्रामुख्याने नागर व सुशिक्षित होता. वाळवणाच्या अंगणातील ज्ञान बव्हंशी त्याच्या बाहेरच राहिले.

गूळ, काकवी आणि परकी साखर

साखर महाग असताना गोडीचा आधार होता तो गुळाचा व काकवीचा. घाटावरून, विशेषतः कोल्हापूर भागातून, गूळ घाटमार्गे कोकणात उतरत असे. काकवी ही गुळाच्या अलीकडची अवस्था. उसाचा रस गुळाइतका न आटवता आधीच उतरविला की ती मिळते. अर्थशास्त्रातील फाणित आणि आजची काकवी यांचे नाते उघड आहे. आमसूल भिजवून, कोळून, गूळ किंवा साखर व जिरे घालून केलेले सरबत हे या व्यवस्थेचे पेय होय. टिकाऊ भाग आमसुलाचा, गोड भाग गुळाचा, आणि दोघांची गाठ पडे ती तांब्यात.

पांढऱ्या साखरेचा मार्ग समुद्रावरून आला. साखरेच्या प्रकारांना पडलेली नावेच तिचा परकेपणा सांगतात. हिंदीतील 'चीनी' व 'मिस्री' ही नावे चीन व मिसर देशांकडे बोट दाखवितात. मराठीत मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला 'मोरस साखर' हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी मॉरिशस व जावा येथील साखर भारतीय बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार घातला गेला. परकी साखर शुद्ध करताना हाडांच्या कोळशाचा वापर होतो, हा आक्षेप त्या वेळी धार्मिक भावनांना भिडला. साखर हा केवळ चवीचा नव्हे तर राजकारणाचा व आचारधर्माचाही विषय बनला होता.

बाटलीबंद सरबताच्या व्यापाराचा आरंभही याच काळातील. १९०७ मध्ये दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने 'रूह अफ्जा' हे सरबत बाजारात आणले. युनानी औषधी पाकाचे ते पेयात झालेले रूपांतर होते. महाराष्ट्रात १९०८ मध्ये पैसा फंडाच्या आधारावर तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला. स्वदेशी काचेचा हा प्रयत्न फळपाकाच्या इतिहासातही दुर्लक्षिण्याजोगा नाही. आंबट पाक तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतो आणि कच्च्या मातीच्या मडक्यात पाझरतो. त्याला काच किंवा चकाकीची चिनीमाती हवी. पाक बाटलीत जाण्यासाठी साखरेइतकीच बाटलीही स्वस्त होणे आवश्यक होते.

पांढरी साखर आणि अमृत कोकम

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशात कारखाने झपाट्याने वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, साखरेवर नियंत्रण आले. स्वातंत्र्यानंतरही नियंत्रण उठविणे व पुन्हा लादणे हे चक्र चालू राहिले. दरम्यान तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. शिधापत्रिकेवरची साखर महिन्याच्या हिशेबाने मिळत असली तरी साखर ही आता सणावारी मिरविण्याची नव्हे, तर नित्याच्या चहाची वस्तू बनली.

अमृत कोकमाची रीत या पार्श्वभूमीवर तपासली असता तिचा काळ आपोआप उघड होतो. ताज्या सालीचे तुकडे आणि साखर यांचे थर बरणीत रचतात. साखर सालीतील रस ओढून घेते, स्वतः त्यात विरघळते, अधूनमधून ढवळत राहिल्यास काही दिवसांत पाक तयार होतो. अग्नीची गरज नाही. प्रमाण सामान्यतः एक भाग सालीला दोन भाग साखर असे असते. या प्रमाणामागे साधे गणित आहे. ताज्या सालीत सुमारे ८० टक्के पाणी असते. एक किलो सालीतील ८०० ग्रॅम पाण्यात दोन किलो साखर विरघळली तर पाकातील साखरेचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते आणि तो टिकतो. साखर निम्मी केली, म्हणजे सालीइतकीच घेतली, तर प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर येते. असा पाक बाहेर ठेवल्यास फसफसण्याचा धोका राहतो.

एका किलो सालीला दोन किलो साखर, हा हिशेब साखर मौल्यवान असलेल्या काळातील सामान्य घराचा असू शकत नाही. त्यामुळे साखरेत मुरविलेला कोकमपाक हा घरोघरचा पदार्थ म्हणून विसाव्या शतकातील स्वस्त साखरेचे अपत्य आहे, असे अनुमान करणे सयुक्तिक ठरते. पांढऱ्या साखरेचा आणखी एक गुण येथे उपकारक ठरला. ती स्वतःचा रंग देत नाही. कोकमाचा लाल रंग उष्णतेने मंदावतो आणि गुळाच्या तपकिरी छटेत झाकोळतो. थंड रीतीने पांढऱ्या साखरेत मुरविलेल्या पाकातच तो झळकतो. ज्या माणकासारख्या रंगावरून आज अमृत कोकम ओळखले जाते, तो रंगही अशा रीतीने साखरेच्या शुभ्रतेवर अवलंबून आहे.

कायदा, प्रयोगशाळा आणि घर

घरातील पाक बाजारात जाऊ लागला की त्याची व्याख्या करण्याचा अधिकार गृहिणीकडे राहत नाही. फळांच्या पदार्थांवरील नियंत्रणाचा आदेश प्रथम १९४६ मध्ये निघाला. पुढे अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली १९५५ चा फळ उत्पादन आदेश आला. त्यात स्क्वॅश, क्रश, सिरप अशा पेयांच्या पायऱ्या ठरल्या. फळांच्या सिरपमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ६५ टक्के विद्राव्य घन पदार्थ असावेत, असा दंडक घातला गेला. स्क्वॅशसाठी हीच विद्राव्य घन पदार्थांची मर्यादा ४० टक्के होती. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने व त्याखालील २०११ च्या नियमांनी जुन्या आदेशाची जागा घेतली, तरी पायऱ्यांची मूळ कल्पना कायम राहिली. याचा अर्थ असा की कायद्याच्या भाषेत 'सिरप' म्हणजेच गोड घनता. सालीला दुप्पट साखर घालणारी गृहिणी आणि ६५ टक्क्यांचा दंडक घालणारा शासकीय आदेश एकाच सत्यावर दोन वाटांनी पोहोचले होते.

१९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. कोकमाच्या सुधारित जाती, सिरप व आगळ यांच्या प्रमाणित कृती आणि प्रक्रियेचे प्रशिक्षण या क्षेत्रांत या विद्यापीठाने मोलाचे काम केले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आणि पुढे पसरलेल्या बचत गटांच्या चळवळीमुळे अनेक ठिकाणी घरगुती कौशल्याला उत्पन्नाची जोड मिळाली. २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकांना परवान्याऐवजी नोंदणीची वाट ठेवली. २०१६ मध्ये सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. अंगणातील ज्ञानाला उशिराने का होईना, सार्वजनिक मान्यता लाभली.

या मान्यतेबरोबर एक पेचही उभा राहिला. बाजार आता 'पारंपरिक' व 'साखरविरहित' या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत मागतो. ही मागणी पुरविणाऱ्या लहान उत्पादक स्त्रीसमोर फारच थोडे पर्याय उरतात. साखर कमी केली तर पाक बिघडतो आणि माल परत येतो. तो बिघडू नये म्हणून सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक वापरले तर 'नैसर्गिक' हा शब्द अडचणीत येतो. शीतगृहाची साखळी लहान गटाच्या आवाक्यात नसते. इतिहासाविषयीचा एक गैरसमज अशा रीतीने प्रत्यक्ष नुकसानीत उतरतो आणि त्याचा भार सर्वांत कमकुवत घटकावर पडतो.

'नैसर्गिक गोडवा' या कल्पनेची मर्यादा

फळाच्या स्वतःच्या साखरेने पाक टिकविणे अशक्य आहे काय? तसे नाही. तुर्कस्तानात द्राक्षांचा रस आटवून केला जाणारा 'पेकमेझ' आणि अरब प्रदेशात खजुरापासून होणारे 'दिब्स' हे असेच पाक आहेत. सुमारे २० टक्के साखर असलेला द्राक्षरस ६५ टक्क्यांपर्यंत आटविण्यासाठी सव्वातीन किलो रसाचा एक किलो पाक करावा लागतो. द्राक्ष व खजूर मुबलक, इंधन उपलब्ध आणि फळ गोड, अशा प्रदेशात ही परंपरा रुजणे स्वाभाविक होते. महाराष्ट्रात नाशिक-सांगली भागात द्राक्षशेती बहरली, परंतु तेथेही फळ टिकविण्याची मुख्य रीत ठरली ती बेदाण्याची, म्हणजे पुन्हा वाळवणाचीच.

कोकमाच्या बाबतीत मात्र ही वाट बंद आहे. त्याच्या सालीत साखर थोडी व आम्ल फार. तिचा रस आटविला तर गोडीआधी आंबटपणाच असह्य होतो. कोकमाला गोडी बाहेरूनच द्यावी लागते. ती गुळाची असो, मधाची असो वा साखरेची, टिकाऊपणा हवा असेल तर तिचे प्रमाण फारसे बदलत नाही. गुळाला स्वतःचा स्वाद व काही खनिजे आहेत, मधाला स्वतःचा गंध आहे. परंतु ६५ टक्के घनतेचा गुळाचा पाक हाही मुख्यतः साखरेचाच पाक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मध, पाक व फळांच्या रसातील साखर यांची गणना मुक्त शर्करांतच केली असून एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा १० टक्क्यांहून कमी ठेवावा, असे सुचविले आहे. मधुमेही व्यक्तीने 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून पेला भरणे हे म्हणूनच धोक्याचे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला निष्कर्ष असा की भारतीय साधनांत फळपेयांची परंपरा प्राचीन असली तरी ती प्रामुख्याने ताज्या पेयांची आहे. दीर्घकाळ ठेवलेल्या गोड रसाचे रूपांतर आंबवणात होते, हे अर्थशास्त्रालाही ठाऊक आहे. दुसरा, कोकणातील घराने फळ टिकविण्यासाठी मीठ व ऊन यांचा आश्रय घेतला. आमसूल, आगळ, आंबापोळी व फणसपोळी ही त्या व्यवस्थेची खरी स्मारके होत. तिसरा, साखरेत मुरविलेला टिकाऊ कोकमपाक ही घरोघरची वस्तू बनली ती विसाव्या शतकात, स्वस्त साखर व स्वस्त काच यांच्या संयोगाने.

यावरून अमृत कोकम कमअस्सल ठरत नाही. परंपरा म्हणजे न बदलणारी कृती नव्हे. हाताशी आलेल्या नव्या द्रव्याला जुन्या जाणकारीने वापरणे हीदेखील परंपराच असते. साखर स्वस्त झाली तेव्हा कोकणी स्त्रीने अग्नीविना, रंग न मोडता पाक करण्याची रीत आत्मसात केली, हे तिच्या कौशल्याचे प्रमाण आहे. आक्षेप आहे तो या इतिहासावर चढविल्या जाणाऱ्या खोट्या प्राचीनतेवर. ज्यांना साखरेविना कोकम हवे आहे त्यांच्यासाठी परंपरेने आमसूल व आगळ केव्हाच सिद्ध करून ठेवले आहेत, आणि त्यात गूळ किती घालावा हे पिणाऱ्याच्या हाती सोडले आहे. ज्यांना बाटलीतला गोड पाक हवा आहे त्यांनी त्यातील साखर मान्य करून तो बेताने प्यावा. प्रशिक्षण वर्ग, विक्री केंद्रे व वेष्टनांवरील मजकूर यांनी हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला, तर ग्राहकाची फसवणूक टळेल आणि उन्हात वाळवण राखणाऱ्या हातांना त्यांच्या खऱ्या ज्ञानाचे मोल मिळेल.